हजारी, तीनहजारी, सहाहजारी

माझी आई मासे खात नसे, पण मागच्या अंगणातल्या चुलीवर कालवण शिजायला लागलं की त्यात मीठ कमी आहे की तिखट जास्त, हे ती दहा हातांवरून नुसत्या वासावर सांगायची. शेगावच्या महाराजांचा गुरुवार तिनं जन्मभर पाळला. मासा घरात आणायचा नाही, घरातल्या भांड्यात करायचा नाही आणि खाणाऱ्यानं अंघोळ केल्याशिवाय देवाच्या फळीजवळ फिरकायचं नाही, एवढे तिचे नियम होते. त्यासाठी मागं वेगळी चूल, एक जर्मनचं पातेलं आणि एक वेगळा पाटा होता. त्या पाट्यावर खोबरं, खसखस, भाजलेला कांदा नि लसूण वाटून द्यायला मात्र तिची ना नसे. वाटून झालं की ती हात धुवायची, पदर नाकाला लावायची, दूर लिंबाखाली जाऊन बसायची आणि तिथून मला हुकूम सोडायची. मी घरातली धाकटी, सोळा-सतरा वर्षांची, आणि आईच्या मते चुलीपेक्षा जास्त धूर काढणारी. ते खोटंही नव्हतं. आज सासू होऊन, आजी होऊनही माझा तो गुण गेलेला नाही.

आम्ही धरणावरच्या कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रा, मागं अंगण आणि अंगणाच्या पलीकडे उतारावरून थेट पाणी. बाजार करायचा तर अमडापूरला सायकलनं जावं लागे. बाबा कालवा निरीक्षक होते. कालव्याच्या काठाकाठानं सायकल हाणायची, पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा पाहायचा, तो वहीत लिहायचा आणि त्याप्रमाणे दार वर करायचं किंवा खाली करायचं, असं त्यांचं काम. या कामानं त्यांना एक खोड लावली होती. माणूस खोटं बोलेल, आकडा बोलणार नाही, असं ते म्हणत. औषधाच्या बाटलीवरच्या रेघेला ते जेवढा मान देत, तेवढा त्यांनी आमच्या मामांना कधी दिला नाही. पोळीच्या डब्यात सात पोळ्या असतील तर ते साडेतीन खाऊन साडेतीन ठेवत, भूक असो वा नसो.

आमचे वसंतकाका कुवेतला फिटर होते. एका सुट्टीत ते आले ते एक फायबरची काठी आणि तीन रिळा घेऊन. तोवर आमच्याकडे मासे धरायचे म्हणजे हातात दोरी, तिला गळ आणि गळाला गांडूळ. ही रीळ म्हणजे काठीखाली लटकणारं छोटं यंत्र. एक मूठ फिरवली की तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आपोआप गुंडाळलं जाई, आणि वरची तार उघडून काठी झटकली की तेच तंगूस सुटून गळ पार आत पाण्यात जाऊन पडे. लहान रिळीवर इंग्रजी आकड्यात हजार लिहिलेलं, मधलीवर तीन हजार, मोठीवर सहा हजार. सोबत एक कागद होता, पण तो जपानी भाषेत. काकांनी खाटेवर पडल्या पडल्या काहीतरी समजावून सांगितलं, मधेच त्यांना झोप लागली आणि उठल्यावर ते विषय विसरले. त्यांना स्वतःला फार कळत होतं असं मला आज वाटत नाही.

बाबांना मात्र समजावून सांगायची गरजच नव्हती, कारण त्यावर आकडा होता. हजार म्हणजे हजार ग्रॅम. ही रीळ एक किलोपर्यंतच्या माशाची. तीन हजारची तीन किलोपर्यंत आणि सहा हजारची सहा किलोपर्यंत. त्यांनी त्यांची नावंही पाडली: हजारी, तीनहजारी आणि सहाहजारी. घरात तीन सरदार उतरल्यासारखं झालं. मग त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखून तो दाराच्या मागं चिकटवला. चिलापी, लहान मरळ: हजारी. मोठी मरळ, वाम: तीनहजारी. रोहू, कटला, शिंगाळा: सहाहजारी. रिळीच्या तोंडाशी एक गोल चकती होती. ती सैल असली की ओढलेलं तंगूस कर्र करत सुटे. बाबांनी ठरवलं की ही गळती आहे, आणि कालव्याच्या दाराची गळती बंद करावी तशी ते ती चकती दर वेळी पक्की आवळून टाकत. धरणावर भोयांच्या सोसायटीचे किसनभाऊ होते. आयुष्य जाळ्यात गेलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी रिळीकडे पाहून विचारलं, की साहेब, हे शिलाईचं मशीन घेऊन पाण्यावर काऊन चालले?

परवा माझ्या पुण्याच्या नातवाला मी हा तक्ता सांगितला तर तो हसून हसून लोळला. तो हौशीनं मासे धरतो आणि रिळा मोबाईलवर मागवतो. त्यानं मला नीट सांगितलं, की आजी, तो आकडा नुसता रिळीच्या आकाराचा. लहान रिळीवर बारीक तंगूस बसतं, तिनं हलका गळ लांब फेकता येतो, म्हणून ती लहान माशांना बरी. मोठीवर जाड तंगूस भरपूर मावतं, म्हणून ती खोल पाण्याच्या दांडग्या माशांना. पण किलोची मर्यादा तिच्यावर कोणी लिहीत नाही. किती ओढ सोसायची ते तंगूस ठरवतं, आणि ते तुटायच्या आत सुटावं म्हणून तर ती चकती असते. म्हणजे तक्ता बराचसा बरोबर होता आणि कारण सगळं चूक होतं. आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी अशाच चालत.

रिळा आल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांना झटका आला. सकाळी सायकलला टांग मारताना पडले ते उजवा हात, पाय नि तोंडाची उजवी बाजू लुळी पडूनच उठले. अकोल्याच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. पाय लवकर सावरला, बोलणं महिन्याभरात आलं, हात तेवढा मागं राहिला. बोटं मिटत, पण त्यांच्यात जोर नव्हता. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की या हातानं किलोभरापेक्षा जास्त काही उचलू नका. झालं. बाबांना आकडा मिळाला. आई पाण्याचा तांब्या द्यायला गेली तर ते तो आधी काट्यावर ठेवायला लावत. पुढं कितीतरी वर्षांनी पेटीत तो दवाखान्याचा कागद मला सापडला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की हे एक महिन्यापुरतं आहे, नंतर पुन्हा दाखवायला या. बाबांनी आकडा वाचला आणि पुढचं वाचलंच नाही, आणि पुन्हा दाखवायला जायला ते तयार नव्हते.

माझी थोरली बहीण सुमनताई त्याच दिवसांत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर संग्रामपूरचं, घरातले सगळे माळकरी. आषाढ लागताच तिला मुलगी झाली. पिवळीधमक, डोक्यावर दाट जावळ, आणि रडणं असं की धरणाच्या पलीकडे ऐकू जावं. कॉलनीतल्या सगळ्या बायाबापड्यांनी तिला घेतलं. किसनभाऊंनी घेतलं. डाकवाल्यानंसुद्धा घेतलं. बाबांनी घेतलं नाही. ते पाळण्याजवळ यायचे, वाकून पाहायचे, एका बोटानं तिच्या तळव्याला शिवायचे आणि परत खाटेवर जाऊन बसायचे. बारशाला ते बाहेरच बसून राहिले. ताई दुपट्यात गुंडाळून तिला त्यांच्यासमोर न्यायची, तर ते म्हणत की राहू दे, झोपली हाय. ती टक्क जागी असायची.

ताईला ते लागत होतं, हे मला दिसत होतं. एकदा पोरीला शेक देताना ती आईला हळूच म्हणाली, की मुलगा असता तर बाबांनी खांद्यावर घेऊन कालव्यापर्यंत नेला असता. आई म्हणाली, काहीतरीच काय बोलतेस. पण आईनंसुद्धा ते छातीठोकपणे म्हटलं नाही. दोन मुलींवर आमच्या घरात मुलगा नव्हता, आणि त्या गोष्टीबद्दल नातेवाइकांनी इतकं बोलून ठेवलं होतं की आमच्या मनात तिची जागा तयारच होती. मला बाबांचा राग आला. ज्या माणसानं मला सायकल आणि पोहणं शिकवलं, तो माणूस असा निघावा याचा राग. मी त्यांच्याशी धड बोलणं सोडलं.

पोळा आला. श्रावणभर मागची चूल थंड होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर. श्रावण पाळलेल्या घरांत त्या दिवशी मटण नाहीतर मासे व्हायलाच हवेत. करीच्या तिसऱ्या दिवशी भाऊजी ताईला न्यायला येणार होते, कारण सासरी महालक्ष्म्या बसायच्या आणि तोवर सून घरी हवी. एकदा ती तिकडे गेली की माशाचं नाव वर्षभर निघणार नव्हतं. तिला मरळीचं कालवण जिवापाड आवडायचं. करीच्या दिवशी सकाळी बाबा झटक्यानंतर पहिल्यांदा दाराच्या मागं गेले, काठी काढली आणि मला म्हणाले, चल. एकट्यानं पाण्यावर जायची त्यांना आईची बंदी होती. मी फुरंगटूनच गेले. त्यांनी हजारी घेतली होती. का, ते विचारायची गरजच नव्हती. ज्याला किलोची परवानगी, त्यानं किलोची रीळ घ्यावी. अर्ध्या किलोची एक मरळ मिळाली तरी ताईपुरतं होईल, असं ते वाटेनं सांगत होते.

पाण्याच्या कडेला बसून त्यांनी काठी डाव्या हातात धरली आणि उजव्यानं ती चकती आवळायला घेतली. बोटं निसटत होती. त्यांनी दोनदा केलं, तीनदा केलं. ते मला सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि मी पाहते आहे हे त्यांना कळलं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल हेही ठाऊक होतं. मी तोंड फिरवून बगळ्यांकडे बघत बसले. चकती सैलच राहिली. मी गांडूळ लावून गळ फेकून दिला, कारण फेकायला दोन्ही हातांत जोर लागतो. आता रीळ हलकी असल्यानं मूठ मात्र त्यांना दोन बोटांनी फिरवता येत होती. एवढं पाहून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच बहुतेक मनातलं बाहेर पडलं.

“बाबा, ताई परवा जाऊन राह्यली. पोरगी झाली म्हणून तुमी लेकराले हात नाई लावला, असं वाटते तिले. मलेही तसंच वाटते.”

त्यांनी मूठ दोन फेरे फिरवली. मग पाण्याकडे बघत म्हणाले, “डॉक्टरनं मले एक किलो सांगतलं. लेकरू चार किलोचं हाय. नर्सबाईनं माह्यासमोर मोजलं.”

“मंग हे ताईले सांगता नाई येत?”

“काय सांगू? तुह्या बापाच्या हातात आता लेकरू राह्यत नाई, असं सांगू?”

दोन महिने मी ज्याला दगड समजत होते तो माणूस रोज पाळण्याशी उभा राहून मनातल्या मनात वजनं करत होता. मी काही बोलणार एवढ्यात काठीचं टोक खाली गेलं आणि रीळ कर्र करून ओरडली.

मरळ नव्हती ती. मरळ झटके देते, हा मासा सरळ खोल पाण्याकडे चालू लागला. तंगूस सुटतच होतं, थांबायचं नाव नाही. बाबांनी डाव्या हातानं काठी पोटाशी दाबून धरली होती आणि चेहरा पांढरा पडला होता. रीळ बिघडली असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, “तोड, शोभे. विळा घे अन् दोरी तोड. हजारीचा मासा नाई हा.”

विळा माझ्या पायाशीच होता. मी तो उचलला आणि मागं फेकून दिला. बाबांना उलट उत्तर करणं आमच्या घरात नव्हतं. तोंडावर तर नव्हतंच.

“नाई तोडत. तुटायची असीन तं आपल्या आपण तुटीन. तुमी फिरवा.”

मासा थांबला की ते फिरवत, मासा पळाला की रीळ सोडून देई. पुन्हा थांबला की पुन्हा चार फेरे. काठी वर करायची ती डाव्या हातानं, आणि खाली आणता आणता उजव्याच्या दोन बोटांनी गुंडाळायचं, हे त्यांच्या अंगाला आपोआप सापडलं. चकती घट्ट असती तर पहिल्याच हिसक्याला ते बारीक तंगूस तुटलं असतं, हे आज मला नातवामुळे कळतं. तेव्हा आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं. मला फक्त त्यांची ती दोन बोटं दिसत होती. ती दमून थांबत होती आणि पुन्हा मुठीला लागत होती. मी एकदा हात पुढं केला तर त्यांनी कोपरानं तो बाजूला सारला. ऊन अंगावरून सरकून पाठीवर आलं. तोवर भोयांची दोन-चार माणसं काठावर जमली होती आणि चक्क कोणी सल्ला देत नव्हतं.

शेवटी मिशा वर आल्या. शिंगाळा होता. किसनभाऊ धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरले, त्याच्या पाठीवरचा काटा चुकवून त्यांनी त्याला उपरण्यात धरला आणि बाहेर आणून आपल्या वजनकाट्याला लावला. साडेचार किलो. ते म्हणाले, साहेब, मशीन भारी निंगालं. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी रीळ डोळ्यांजवळ नेली, त्यावरचा आकडा अंगठ्यानं पुसला, पुन्हा वाचला.

“मंग हा हजार कशाचा हाय?” त्यांनी विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

घराकडे निघताना मी मासा उचलायला वाकले तर ते म्हणाले, इकडं दे. गलफड्यातून ओवलेली दोरी त्यांनी माझ्याकडून उजव्या हाताला गुंडाळून घेतली. तीस-चाळीस पावलं चालले, मासा खाली ठेवला, दम घेतला, पुन्हा उचलला. उतार चढून कॉलनीत येईपर्यंत चार वेळा ठेवला, पण माझ्या हाती दिला नाही. मी मागून चालत होते आणि रडत होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

मासा मागच्या चुलीशी टाकून ते न्हाणीत गेले. साबणानं कोपरापर्यंत तीनदा हात धुतले, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. मग आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून सतरंजीवर मांडी घालून बसले. मासा खाली ठेवता येतो, लेकरू ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी आधीच खाली बसून घेतलं असावं. ताई पोरीला पाजून नुकतीच उठत होती.

“सुमन, दे तिले.”

ताईनं पोरीला छातीशी आणखी जवळ धरलं. दोन महिन्यांचं साचलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं. ती म्हणाली, “आता कशाले? दोन दिसांसाठी?”

बाबांनी खाली मान घातली. एरवी पाच वाक्यं एका दमात बोलणारा माणूस, पण त्या दिवशी एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागला. “माह्या हातून पडीन असं भेव वाटे मले. पोरगी हाय म्हणून नाई, माय. माह्या हाताची लाज वाटे.”

ताई खाली बसली आणि तिनं ते गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा उजवा हात आपल्या हातानं उचलून तिनं पोरीच्या मानेखाली घातला, बोटं एकेक करून नीट लावली आणि आपला हात काढून घेतला. लेकरू त्यांच्या हातात राहिलं. पोरगी त्यांच्याकडे बघत जांभई देऊन झोपून गेली, आणि ताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली.

कालवण मी केलं. आईनं लिंबाखालून सांगितलं तसं केलं, मन मात्र सगळं आतल्या खोलीत होतं. ताईनं दोनदा भात घेतला आणि म्हणाली, चांगलं झालं, पण मरळ असती तर आणखी मजा आली असती. पोरीला आता पाळण्यात टाका आणि जेवून घ्या, असं आईनं बाबांना तीनदा सांगितलं. उठली म्हंजे जेवतो, एवढंच ते म्हणत. ती काही उठली नाही. मी पातेलं घासून ठेवलं तरी ते तसेच भिंतीला टेकून बसलेले होते. एवढा मोठा मासा त्यांनी धरला, पण त्यातला एक तुकडाही त्यांच्या तोंडात गेला नाही, कारण त्यांचे हात मोकळे नव्हते.